सहल तोरणमाळची, सुट्टी कोणाची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"ताई, अमळनेरला आमचं एकत्र कुटुंब आहे. चार वर्षांपासून मी खान्देशी पदार्थांचं यूट्यूब चॅनेल चालवते, बोलते अहिराणीतच. चाळीस हजारांवर सबस्क्रायबर आहेत. महिन्याला दहा-बारा हजार सुटतात, कधी कमी. मुलीच्या क्लासची फी त्यातूनच जाते. दरवर्षी मे महिन्यात दीर-जाऊ आणि नणंदेचं कुटुंब धरून आम्ही चौदा जण तंबू घेऊन तोरणमाळला चार रात्री राहतो. मुलं लहान होती तेव्हापासूनची ही पद्धत. पण उन्हाळा म्हणजे वाळवणाचा हंगाम, आणि वर्षातले सगळ्यात जास्त व्ह्यूज मला याच दिवसांत मिळतात. एडिटिंग दीर करतो. तो म्हणतो, आठवड्याला दोन व्हिडिओ गेलेच पाहिजेत, नाहीतर चॅनेल बसतं. म्हणून दोन वर्षांपासून मी तोरणमाळलाच शूटिंग करते: चुलीवरची शेवभाजी, डाळगंडोरी, भरीत. यंदा तिकडच्या पावरा आदिवासी बायकांच्या दागिन्यांवरही एक व्हिडिओ करू म्हणतो. गेल्या वर्षी मुलगी सकाळी डोळे चोळत तंबूतून बाहेर आली, ते व्हिडिओत तसंच राहिलं. शाळेतल्या पोरांनी त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर केलं. ती नववीत आहे. आता म्हणते, 'कॅमेरा येणार असेल तर मी मामाकडे जाते.' ह्यांचं म्हणणं, पोरीचे लाड पुरे झाले. सासूबाई म्हणतात, सहलच रद्द करा. मी काय करू?"

ताई,

आधी पोरीचं सांगते, कारण त्यात चर्चेला जागाच नाही. तो तुकडा आजच काढा. त्यासाठी अख्खा व्हिडिओ उडवावा लागत नाही. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचा एडिटर उघडला की नको तेवढा भाग कापता येतो, नाहीतर नुसता चेहरा धूसर करता येतो. लिंक, आजवरचे व्ह्यूज, कॉमेंट सगळं जागच्या जागी राहतं. बदल लागू व्हायला थोडे तास लागतात, तेवढंच. शाळेत फिरलेलं स्टिकर त्याने पुसलं जाणार नाही, हे तिलाही कळतं. पण आईने मूळ जागेवरून काढलं हे तिला दिसू द्या. 'बघ, काढलं' एवढं म्हणा आणि थांबा. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' हे शेपूट त्याला जोडू नका. वर्गशिक्षकांना भेटायचं का, हेही तिलाच विचारा. ती नको म्हणाली तर नको.

लाडाबद्दल मिस्टरांना माझा एक प्रश्न विचारा. सकाळी बनियनवर दात घासताना तुमचा व्हिडिओ काढून चाळीस हजार लोकांना दाखवला तर चालेल का? नाही चालणार. मग नववीतली मुलगी तेच म्हणते तर त्याला लाड कसं म्हणायचं? ती सहल नको म्हणत नाही, आई नको म्हणत नाही, चॅनेल बंद कर असंही म्हणत नाही. झोपेतलं तोंड जगाला दाखवू नका, इतकंच तिचं मागणं आहे. खुद्द यूट्यूबनेही 2019 मध्ये लहान मुलं दिसणाऱ्या व्हिडिओंवरच्या कॉमेंट बंद करायला सुरुवात केली, कारण तिथे लोक काय काय लिहितात ते त्यांना दिसलं होतं. कंपनीला जे उशिरा कळलं ते तुमच्या मुलीला वेळेत कळलंय.

आणि एक वाक्य आहे, ते तुमच्या घरात कोणीतरी बोललं असणार अशी मला शंका आहे. 'तुझ्या क्लासची फी याच व्हिडिओंतून जाते.' बोललं नसेल तर उत्तम. बोललं असेल तर पुन्हा नको. फी भरणं हे आई-बापाचं काम. त्या बदल्यात पोरीने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं असा व्यवहार घरात नसतो. तिच्या वयाची मुलगी हे वाक्य ऐकते, वर काही बोलत नाही आणि मामाकडे जाते म्हणते.

आता दिराचं गणित. एडिटिंग तो करतो, रात्री जागतो, त्याचं श्रेय त्याला द्या. पण 'दोन व्हिडिओ चुकले की चॅनेल बसतं' हे काही यूट्यूबचं कलम नाही. कलम काय आहे ते सांगते. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचं पाहणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. हा उंबरठा तुम्ही कधीच ओलांडलाय. त्यानंतर चॅनेल निष्क्रिय म्हणून कमाई काढून घेण्याची जी अट आहे, ती सलग 6 महिने किंवा जास्त काळ व्हिडिओ नाही आणि पोस्टही नाही अशा चॅनेलसाठी. सहा महिने! तुम्ही चार रात्रींचं बोलताय.

बरं, चार रात्रींचा हिशोब तरी मांडून बघा. आठवड्याला दोन व्हिडिओ म्हणजे तोरणमाळच्या मुक्कामात जास्तीत जास्त दोन व्हिडिओंचा दिवस येतो. पोरीचं मामाकडे जाणं, सासूबाईंचं रद्द करा, मिस्टरांचा राग, हे सगळं रामायण दोन व्हिडिओंवरून चाललंय. ते दोन व्हिडिओ एप्रिलमध्ये करून ठेवता येत नाहीत का?

येतात, आणि तुमच्याइतकं ते कोणाला सहज जमणार? ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, पापड आपण चैत्र-वैशाखात करून डब्यात भरतो ते आषाढ-श्रावणात खायला. व्हिडिओही तसेच ऊन आहे तेव्हा करून ठेवायचे. स्टुडिओत 'शेड्यूल' आहे. व्हिडिओ चढवायचा, तारीख-वेळ टाकायची, त्या वेळी तो आपोआप दिसतो. तुम्ही तेव्हा तोरणमाळच्या तळ्याकाठी असा नाहीतर झोपलेल्या असा. शहादा सोडून घाट लागला की रेंज येते-जाते, म्हणून हे काम घरूनच संपवा. डोंगरावर उभं राहून मोबाईल वर करून अपलोडचा टक्का बघत बसणं यासारखी सुट्टीची नासाडी नाही.

पण हंगामाचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी झटकून टाकत नाही. मार्च ते मे हेच महिने लोक बिबड्यांचा घाटा (ज्वारीचं घोटून शिजवलेलं पीठ), गव्हाचा चीक, पापडखार किती घालायचा हे शोधतात. यातच एक गोष्ट दिराच्या नजरेतून सुटली असावी. अशा व्हिडिओंकडे माणसं शोधून येतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा बिबड्यांचा व्हिडिओ यंदाच्या मार्चमध्येही पुन्हा वर येतो. ॲनालिटिक्समध्ये जाऊन तुमच्या वाळवणाच्या जुन्या व्हिडिओंवर लोक कुठून आले ते स्वतः बघा. 'यूट्यूब सर्च'चा वाटा मोठा दिसला तर समजा की ते व्हिडिओ तुम्ही घरी नसतानाही तुमच्यासाठी राबताहेत. तोरणमाळच्या चुलीवरच्या शेवभाजीचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून बघा. माझा अंदाज विचाराल तर तुमची प्रेक्षक बाई जळगावच्या, सुरतेच्या किंवा पुण्याच्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि तिला घाटा फाटला तर काय करायचं हे हवंय. तंबू तिला नकोय.

स्वतः बघा म्हणाले ते मुद्दाम. चॅनेल ज्या जीमेलवर आहे त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? ॲडसेन्स, म्हणजे गूगल ज्यातून जाहिरातींचे पैसे देतं ते खातं, कोणाच्या नावावर आहे? पैसे कोणाच्या खात्यात येतात? दिरावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण मेहनत तुमची, आवाज तुमचा, अहिराणी तुमची, आणि आकडे दुसऱ्याने सांगायचे म्हटलं की घाबरणंही दुसऱ्याच्याच हिशोबाने होतं. त्याच्याशेजारी बसून एकदा सगळं समजून घ्या.

कॅलेंडर मी असं लावेन. अमळनेरला वैशाख कसा जातो ते तुम्हाला मी काय सांगणार. शुद्ध तृतीयेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया: माहेरवाशिणी येणार, झोके बांधले जाणार, घागर भरायची, पुरणपोळी-आमरस. मग एकादशीला सखाराम महाराजांचा रथ, पौर्णिमेला पालखी, बोरी नदीच्या पात्रात यात्रा. या दिवसांत घरी पाहुण्यांची रीघ असते. शूटिंग धड होत नाही आणि करूही नये. म्हणजे कामाचा खरा काळ होळीनंतर आखाजीपर्यंतचा. सहल पालखी झाल्यावर, शाळा उघडण्याच्या आत. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत जे दिसायचं ते आधी झालेल्या साठ्यातून.

साठा करायचा म्हणजे रोज नवा पदार्थ, असं डोक्यात घेऊ नका. बिबड्यांचंच घ्या. पहाटे साडेपाचला पातेल्यात ज्वारीच्या कण्या शिजताहेत, त्यात पीठ घेरलं जातंय, लसूण-तीळ-जिरं पडतंय, लाकडी दांड्याने घोटताना हात भरून येतात. मग गरम गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, बोटं भाजतात म्हणून मधून मधून पाण्यात बुडवायची. पोरं ताटली घेऊन उभी, त्यांना घाट्याच्या गोळ्यावर तेल हवंय. ऊन तापायच्या आत सगळं गच्चीवरच्या साडीवर गेलं पाहिजे. या एका सकाळीतून तुम्हाला एक लांब व्हिडिओ मिळतो. नुसता घाटा कसा घोटायचा याचा वेगळा निघतो, आणि शेजारच्या बायका 'आज तुमच्या, उद्या आमच्या' म्हणत येतात तेव्हाच्या गप्पांचा तिसरा, त्यांची हरकत नसेल तर. शॉर्ट्सही आता 3 मिनिटांपर्यंतचे चालतात, तेव्हा फडक्यावरून बिबडी सोडवायची युक्ती शॉर्टमध्येच छान बसते. कुरडयांचं तर काम मुळातच तीन-चार दिवसांचं: गहू भिजवणं, वाटून चीक काढणं, रात्रभर बसू देणं, मग शिजवून सोऱ्यातून घालणं. ते एकाच व्हिडिओत कोंबायचा हट्ट का?

फोनला जपा. काही फोन कंपन्या, त्यात ॲपलही, वापरासाठी 0 ते 35 अंश तापमान सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 44-45 होतं. गच्चीवर दहानंतर कॅमेरा आपोआप बंद पडतो तो बिघाड नसतो, फोन स्वतःला वाचवत असतो. शूटिंग सकाळी नऊच्या आत संपवा, चार्जिंग सावलीत करा, आणि सहलीच्या दिवशी फोन बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

इथवर चॅनेलचं झालं. आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते. चौदा माणसं, चार रात्री, चुलीवरची शेवभाजी, डाळगंडोरी, भरीत. हे सगळं कोण करतं? तुम्ही. शूटिंग कोणाचं? तुमचं. पोरीची समजूत कोण घालतं? तुम्हीच. अख्ख्या पत्रात तुम्ही तोरणमाळला काय बघितलं, कुठे बसलात, कधी उशिरा उठलात याचं एकही वाक्य नाही. सासूबाई रद्द करा म्हणतात, मुलगी मामाकडे जाते म्हणते, दीर दोन व्हिडिओ म्हणतो, आणि तुम्हाला काय हवंय हे तुम्ही लिहायलाच विसरलात.

आणि भरीत? मे महिन्यात? ताई, खान्देशात तुम्ही मला भरीत शिकवायचं, मी तुम्हाला नाही. बामणोदची वांगी थंडीतली. हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या झडतात त्या उगाच नाही. उन्हाळ्यात मिळेल ते वांगं घेऊन डोंगरावर भरीत करायचं, कारण 'चुलीवरचं खान्देशी भरीत' या नावाला व्ह्यूज आहेत. तुमच्या हाताला हे पटलं नसणार. तुमच्या प्रेक्षकांतल्या जुन्या बायकांनाही पटलं नसेल, त्यांनी कॉमेंटमध्ये लिहिलं नसेल एवढंच.

चुलीबद्दल आणखी एक. एप्रिल-मेमध्ये सातपुड्यात सागाच्या पानांचा वाळलेला थर जमिनीवर पडलेला असतो. एक ठिणगी आणि वाऱ्याची झुळूक, की वणवा. राखीव जंगलात विस्तव पेटवण्यावर, तो बाळगण्यावरसुद्धा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 मध्ये निर्बंध आहेत. तुम्ही उतरता ती जागा कोणाच्या हद्दीत येते आणि तिथे चूल चालते का, हे वन विभागाला आधी विचारा. चालत असेल तरी गॅसची छोटी शेगडी नेणं बरं. विचारपूस न करता पेटवलेल्या चुलीचा व्हिडिओ टाकला तर आपणच आपल्याविरुद्ध पुरावा टाकल्यासारखं आहे. शिवाय बघणारे त्याच जागी जाऊन तसंच करतात. तुम्ही विस्तव विझवून येत असाल, पण तुमच्यामागून येणारा विझवेल याची हमी कोण देणार?

म्हणून यंदाचा स्वयंपाक असा: दूध घालून भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लाडू आणि भाजायला बिबड्या घरून न्या. रोज एक वेळ गरम जेवण पुरे. आणि ते दिराने आणि मिस्टरांनी करायचं. खिचडी बिघडली तर बिघडली. चौदा जण भुकेले असले की खिचडीला कोणी नावं ठेवत नाही. दिराला तोरणमाळला काहीतरी करून दाखवायची हौस आहेच, तर त्याने डाळगंडोरी करावी, कॅमेऱ्याविना. भांडी जावेने नाही, तुम्हीही नाही, पोरांनी तळ्याच्या काठापासून लांब नेऊन घासायची. साबण तळ्यात जाता कामा नये.

पावरा बायकांच्या दागिन्यांच्या व्हिडिओला माझा साफ नकार आहे. दागिने सुंदर आहेत यात वाद नाही. पण सहलीला गेलेल्या माणसाने बाजारात उभ्या असलेल्या बाईवर फोन धरायचा, तिच्या गळ्यावर झूम करायचा आणि त्याच्या जाहिरातीचे पैसे अमळनेरला घ्यायचे, याला विचारपूस म्हणत नाहीत. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं तेच हे. फरक इतकाच की ती बाई तक्रार करायला तुमच्या घरी येणार नाही. तुम्हाला खरंच त्या दागिन्यांवर करायचं असेल तर वेगळ्या वेळी जा, ओळख काढा, तिच्याच तोंडून तिला हवं ते सांगू द्या आणि तिचा वाटा तिला द्या. सहलीच्या पदरात ते बांधू नका.

मग कॅमेऱ्याचं काय? यंदा नाही. 'फक्त सूर्यास्त घेते, माणसं नाही घेत' हेसुद्धा नाही. कारण सूर्यास्त घ्यायला ट्रायपॉड निघतो, ट्रायपॉड निघाला की दीर 'वहिनी, दोन शब्द बोला' म्हणतो, आणि मागे कुठेतरी तंबूची चेन उघडते. घरच्या फोटोंसाठी एक फोन ठेवा, तो पोरांच्या हातात द्या, आणि त्यातलं काहीही चॅनेलवर जाणार नाही हे निघायच्या आधी सगळ्यांसमोर, दिराच्या आणि मिस्टरांच्या देखत, मुलीला सांगा. नुसतं तिच्या कानात सांगितलं तर तिला ते खरं वाटणार नाही, कारण गेल्या वर्षी कॅमेरा तुमच्या एकटीच्या हातात नव्हता. पुढच्या वर्षी काय करायचं ते पुढच्या वर्षी तिला विचारा.

प्रेक्षकांना काय सांगायचं? फार काही नाही. व्हिडिओ वेळेवर येतच राहतील. फक्त कॉमेंटला उत्तर उशिरा मिळेल एवढं पोस्टमध्ये लिहा. 'आम्ही सगळे तोरणमाळला चाललो' असं मात्र अजिबात लिहू नका. घर चार दिवस बंद असल्याची दवंडी आपणच का पिटायची? परत आल्यावर हवं तर सांगा. दोन-चार जणी 'ताई, कथा गयात तुम्ही?' (कुठे गेलात?) विचारतील. त्या प्रेमाने विचारतात, हजेरी घेत नाहीत. तुम्ही ते हजेरीसारखं वाचता, आणि मला वाटतं निम्मा ताण तिथलाच आहे.

पैशाचं पथ्य एकच. ॲडसेन्सचे पैसे पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात, म्हणजे मेची कमाई जूनअखेरीस हातात. क्लासवाले फी त्याआधीच मागतात. तेव्हा मार्च-एप्रिलच्या चांगल्या कमाईतून फी आत्ताच बाजूला काढा. सहलीच्या आठवड्यात व्ह्यूज थोडे खाली आलेच, आणि येऊ शकतात, तर त्याचा घोर फीच्या नावाने लागणार नाही. परत आल्यावर पहिले काही दिवस आकडे सुस्त दिसले तर लगेच पाच व्हिडिओ टाकायची घाई करू नका. सुट्टी घेतली म्हणून यूट्यूब चॅनेलला शिक्षा देत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. प्रेक्षकांना परत वळायला मात्र जरा वेळ लागतो.

सासूबाईंचं राहिलं. चौदा जणांत त्या मोजल्यात का, ते पत्रावरून कळलं नाही. त्या मागे राहत असतील तर वैशाखाच्या उन्हात चार दिवस एकटीने घर सांभाळायचं त्यांच्या जिवावर येत असेल, आणि 'रद्द करा' याचा अर्थ तेवढाच असेल. त्यांना विचारा. येत असतील तर गाडीत पुढची सीट त्यांची. येत नसतील तर त्या दिवसांत कोणीतरी सोबतीला हवं, नणंदेच्या सासरचं किंवा शेजारचं. आणि बिबड्यांच्या व्हिडिओत घाटा कसा असावा हे सांगायला त्यांना बसवलं, त्यांची तयारी असेल तर, तर चॅनेलबद्दलची त्यांची निम्मी कुरकुर तिथेच विरेल. चॅनेलवरचं सगळं ज्ञान शेवटी त्यांच्याकडूनच आलंय, आणि हे व्हिडिओत एकदाही बोललं गेलं नसेल तर यंदा बोला.

हे सगळं करूनही मुलगी मामाकडेच जाते म्हणाली तर जाऊ द्या. रुसून गेली असं समजू नका. मामाकडे आंबे आहेत, बहिणी आहेत, आणि एका वर्षात विश्वास परत यावा अशी घाई तिला करू नका. तुम्ही मात्र तोरणमाळला जा, आणि तिच्या नसण्याचा फायदा घेऊन कॅमेरा पिशवीत सरकवायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तिला कळतंच.

शाळा उघडल्यावर कळवा. दिराची डाळगंडोरी कशी झाली तेही लिहा, फोटो नको.